जुनी मोटार व तिचा टायमिंग बेल्ट

जमीन विकत घेताना आमचा शेतकरी सातबारा पाहतो, फेरफार तपासतो, बोजा आहे की काय याची चावडीवर चौकशी करतो. तोच गृहस्थ जुनी मोटार घेताना मात्र रंग, टायर व किंमत पाहून सौदा पुरा करतो. या चुकीचे प्रायश्चित्त आम्ही स्वतः भोगले आहे. सबब दोन शब्द लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते.

इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या क्षणी उघडावयाचे व मिटावयाचे, हे काम ट्रॅक्टरमध्ये बहुधा दातेरी चक्रांकडून होते. मोटारींपैकी काहींत ते साखळी करते, तर काहींत रबरी दातेरी पट्टा. यासच टायमिंग बेल्ट म्हणतात. पट्टा हलका व आवाज न करणारा खरा, परंतु रबर ते रबरच. मळणीयंत्राचा पट्टा सैल झाला म्हणजे घसरतो, ओरडतो व धन्यास सावध करतो. हा पट्टा आच्छादनाआड असतो व पुष्कळदा काहीएक सूचना न देता तुटतो. तो तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात व हेड उतरवावे लागते.

आमच्या गाडीच्या विक्रेत्याने ‘पट्टा नुकताच बदलला आहे’ असे सांगितले. महसूल खात्यात उभी हयात कागद तपासण्यात घालविलेले आम्ही, त्या दिवशी तोंडी शब्दावर विसंबलो. सहाव्या महिन्यात गाडी भर रस्त्यात बंद पडली. दुरुस्तीस जो खर्च आला, त्यात नवा पट्टा कित्येक वेळा बसविता आला असता.

पट्टा केव्हा बदलावा, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. मर्यादा दोन असतात, किलोमीटरची व वर्षांची. जी आधी भरेल ती खरी. पुष्कळ गाड्यांत पहिली मर्यादा ६०,००० ते १,००,००० किलोमीटरांच्या दरम्यान असते, काहींत अधिकही असते. आमच्यांपैकी अनेकांची गाडी बाजार व लग्नकार्य एवढ्यापुरतीच निघते. म्हणून ते ‘गाडी फिरली कोठे?’ असे विचारतात. परंतु रबर उभ्या गाडीतही जुने होते, आणि त्यास गळके तेल लागले तर मुदतीपूर्वीच खराब होते. शिवाय मीटरवरील आकडा मागे फिरविणारे लोकही आहेत, हे विसरू नये.

चालत्या गाडीवर खर्च कशास, असा आक्षेप येईल. गाडी चालते आहे एवढ्यावरून पट्टा चांगला आहे असे ठरत नाही. आमचे स्पष्ट मत असे की, तारीख व किलोमीटर लिहिलेली पावती नसेल तर पट्टा बदललेला नाही असेच धरावे. तो खर्च किंमतीतून वजा करून मागावा व गाडी घरी आणताच प्रथम हे काम करावे. त्याच वेळी पट्ट्यास ताण देणारी पुली, आणि पट्ट्यावर चालत असेल तर पाण्याचा पंपही बदलावा; नाहीतर जुना भाग नव्या पट्ट्याचा घात करतो व मजुरी दुप्पट पडते.

तत्पूर्वी आपल्या इंजिनात पट्टा आहे की साखळी, याची खात्री करावी. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळी होती, तर डस्टरच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात पट्टा. शेवटी, काम झाल्यावर आपलीही पावती जपून ठेवावी. उद्या ती गाडी आपलाच कोणी शेजारी घेईल.