सव्विसाव्या वर्षीची निवृत्ती

मे 2014 मध्ये अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, वार्षिक खेळाडू-निवडीत दोन नावे पुकारली गेली. पाचव्या फेरीत 175व्या क्रमांकावर बाल्टिमोर रेव्हन्सने जॉन अर्शेलला घेतले, तर सहाव्या फेरीत 200व्या क्रमांकावर कॅन्सस सिटी चीफ्सने लॉरां दुव्हर्ने-तार्दिफला. दोघांचाही जन्म 1991 चा आणि कॅनडातला. दोघेही मैदानावर ‘गार्ड’ या जागी खेळणारे. पण अर्शेलला गणितज्ञ व्हायचे होते आणि दुव्हर्ने-तार्दिफ माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत होता. या दोघांचे पुढे काय झाले हे पाहिले, तर खेळाडूच्या मैदानाबाहेरच्या आयुष्याकडे बघण्याची आपली रीत किती अपुरी आहे, हे कळते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक फळीत मध्यभागी एक सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल असे पाच लाइनमन असतात. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत प्रतिस्पर्ध्याला पोहोचू न देणे आणि चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करणे, हे त्यांचे काम. नियमानुसार एरवी ते पुढे फेकलेला चेंडू झेलू शकत नाहीत. धावफलकावर त्यांचे नाव जवळजवळ कधीच लागत नाही. प्रेक्षकांना ते आठवतात ते बहुधा चुकल्यावरच. या कामासाठी साधारण 135 किलो किंवा त्याहून अधिक वजन सांभाळायचे आणि जवळपास प्रत्येक चालीला समोरच्या तेवढ्याच वजनाच्या माणसाला धडकायचे. नजरेत भरणारी भीषण टक्कर एखादीच असते, पण लहान धडकांची मोजदाद हंगामागणिक वाढत जाते.

या धडकांची किंमत जगासमोर आली तीही एका लाइनमनच्याच मृत्यूमुळे. माइक वेब्स्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला. निवृत्तीनंतर त्याची स्मृती आणि मानसिक तोल ढासळत गेला. काही काळ तर त्याला राहायला घरही नव्हते. 2002 मध्ये वयाच्या 50व्या वर्षी तो वारला. नायजेरियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. वारंवारच्या आघातांनी मेंदूची झीज करणारा ‘सीटीई’ हा विकार त्यांना त्यात आढळला. 2005 मध्ये त्यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हा लीगशी संबंधित डॉक्टरांनी तो निबंधच मागे घेण्याची मागणी केली. वास्तव मान्य व्हायला पुढे बरीच वर्षे आणि हजारो माजी खेळाडूंचा न्यायालयीन लढा लागला.

अर्शेल हे सर्व जाणून खेळत होता. पेन स्टेट विद्यापीठात खेळत असतानाच त्याने गणितात पदव्युत्तर पदवी घेतली, तिथे वर्गही शिकवले. व्यावसायिक खेळाडू झाल्यावर तो जुनी छोटी मोटार वापरायचा आणि काटकसरीने राहायचा. गणितावर लक्ष राहावे, एवढीच त्याची गरज होती. ऑगस्ट 2015 मध्ये सराव शिबिरात त्याच्या डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसला. त्यानंतर खेळायला परवानगी मिळाली, पण ती मिळायला जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ वरच्या पातळीचे गणित पूर्वीसारखे जमायला लागला. मैदानावर उतरायला योग्य ठरलेला मेंदू त्याच्या दुसऱ्या कामाला मात्र अजून तयार नव्हता. तरीही तो परतला आणि 2016 मध्ये त्याने एमआयटीत गणितातील पीएच.डी.साठी प्रवेशही घेतला.

25 जुलै 2017 रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या एनएफएलच्या 111 माजी खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत सीटीई आढळला होता. याचा अर्थ शंभरातल्या नव्याण्णव खेळाडूंना हा विकार होतो, असा नाही. ज्या कुटुंबांना लक्षणे जाणवली होती, त्यांनीच प्रामुख्याने हे मेंदू दान केले होते, आणि ही मर्यादा संशोधकांनीही मान्य केली होती. तरीही आकडा हादरवणारा होता. दोनच दिवसांनी, 26 वर्षांचा अर्शेल निवृत्त झाला. माध्यमांनी दोन्ही घटना जोडल्या. त्याने स्वतः मात्र पूर्णवेळ शिक्षण आणि येऊ घातलेले पहिले अपत्य यांचा उल्लेख केला. आज तो एमआयटीतच गणिताचा प्राध्यापक आहे.

दुव्हर्ने-तार्दिफची वाट वेगळी. 2018 मध्ये तो डॉक्टर झाला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये चीफ्सबरोबर सुपर बोल जिंकला. काही आठवड्यांत कोविडची साथ आली. क्वेबेकमधील वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात तो कामाला लागला आणि जुलैमध्ये त्याने त्या हंगामातून माघार घेतली, म्हणजे मोठ्या मानधनावर पाणी सोडले. त्याला हे दुहेरी आयुष्य जमले, त्यात संघाचाही वाटा होता. प्रशिक्षक अँडी रीड हे स्वतः लाइनमन म्हणून खेळलेले आणि त्यांची आई मॅकगिलमध्येच शिकलेली डॉक्टर. त्यामुळे हंगाम संपला की हा खेळाडू रुग्णालयात जातो, याचे त्यांना कौतुक होते. त्याच्या निष्ठेबद्दल शंका नव्हती.

या दोघांच्या कथा प्रेरणादायी म्हणून सांगून थांबणे मात्र चूक ठरेल. अर्शेलचे वडील शल्यचिकित्सक, आई परिचारिका आणि पुढे वकील. शिकण्याची सवय त्याला घरातूनच मिळाली होती. लीगमधील बहुसंख्य खेळाडूंच्या वाट्याला तसे घर येत नाही. खेळाडू संघटनेच्या हिशेबाने तिथली सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्याही आत संपते आणि पेन्शनचा हक्क मिळायला तीन हंगाम पूर्ण व्हावे लागतात. जाहीर होणाऱ्या करारांचे आकडे डोळे दिपवतात, पण त्यातली बरीच रक्कम हमीची नसते. खेळाडूला मध्येच काढून टाकले की उरलेला करार कागदावरच राहतो. म्हणजे पंचविशीत गुडघे झिजलेले, पदवी अनेकदा अर्धवट आणि समोर आणखी निम्म्याहून अधिक आयुष्य. अशा वेळी ‘त्याने दुसरा मार्ग आधीच का शोधला नाही’ हा प्रश्न खेळाडूला विचारण्यापूर्वी संघाला, विद्यापीठाला आणि लीगला विचारला पाहिजे. त्याचा सगळा वेळ आणि सगळे शरीर त्यांनीच मागून घेतलेले असते.

आपल्याकडे अमेरिकन फुटबॉल नाही, पण हा प्रश्न आहे. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. कबड्डी, खो-खो, कुस्तीतल्या अनेक मुलामुलींना त्याचा आधार झाला आहे. पण या सवलतींमागची कल्पना अजूनही ‘खेळामुळे बुडालेल्या अभ्यासाची भरपाई’ अशीच आहे. खेळता खेळता शिकता यावे यासाठी परीक्षेचे वेळापत्रक, वसतिगृहातले शिक्षण, दुखापतीनंतरचे उपचार आणि समुपदेशन यांची रचना अपवादानेच दिसते. घरोघरी मुलांना ‘खेळ की अभ्यास’ असे विचारले जाते, कारण दोन्ही एकत्र चालवण्याची सोय संस्थांनी फारशी केलेली नाही.

व्यावसायिक खेळ तरुणाची सर्वोत्तम वर्षे घेतो. त्या वर्षांच्या बदल्यात मानधन आणि टाळ्या देऊन व्यवहार पुरा होत नाही. डोक्याच्या दुखापतीबाबत प्रामाणिक माहिती, शिक्षणासाठी राखून ठेवलेला वेळ आणि कारकीर्द अकाली संपल्यास उपचारांची हमी या तीन गोष्टी करारातच लिहिल्या गेल्या पाहिजेत. अर्शेल आणि दुव्हर्ने-तार्दिफ यांनी जे मिळवले, ते सामान्य गुणवत्तेच्या, सामान्य घरातल्या खेळाडूलाही मिळावे, ही जबाबदारी खेळ चालवणाऱ्यांची आहे. ती त्यांनी झटकू नये.