माहिती आपली, किल्ली परक्याची

बँकेतील खाते, विम्याचा हप्ता, रेल्वेचे आरक्षण, इस्पितळातील तपासणीचा अहवाल, या साऱ्यांची नोंद आता वहीत नव्हे, तर संगणकीय साठ्यात असते. हा साठा पूर्वी फिरत्या तबकड्यांवर असे. जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीने मोठ्या उद्योगांच्या तातडीच्या कामांतून तबकड्यांना मागे सारले. फ्लॅशमध्ये हलणारा भागच नाही. जी नोंद शोधण्यास तबकडीला काही मिलिसेकंद लागत, ती येथे मिलिसेकंदाच्या अंशात हाती येते. लाखो खातेदार एकाच वेळी बँकेचे दार ठोठावतात, तेव्हा या अंशाचे मोल कळते.

तंत्रज्ञानाविषयी तक्रार नाही. घोडे पेंड खाते ते विक्रेत्यांच्या चंचल धोरणांत. सिस्कोने २०१३ मध्ये व्हिपटेल ही फ्लॅश साठा बनविणारी कंपनी ४१ कोटी ५० लाख डॉलर्सना घेतली आणि २०१५ मध्ये ते उत्पादनच गुंडाळले. व्हायोलिन मेमरी २०१३ मध्ये भांडवली बाजारात उतरली. २०१६ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. दरम्यान अ‍ॅमेझॉनने २००६ पासून साठवणुकीची जागाच भाड्याने देण्यास प्रारंभ केला होता. यंत्रे विकून मोठ्या झालेल्या कंपन्यांनाही मग 'क्लाउड'चे वेध लागले. ह्युलेट पॅकार्डने आपली सार्वजनिक क्लाउड सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद केली. व्हीएमवेअरने २०१३ मध्ये सुरू केलेली सेवा २०१७ मध्ये फ्रान्सच्या ओव्हीएच कंपनीला विकली. तत्पूर्वीच, २०१६ मध्ये, तिने प्रतिस्पर्धी अ‍ॅमेझॉनशी हातमिळवणी केली होती. काल ज्याच्या विरोधात ग्राहकाला सावध केले, त्याच्याच दारात आज त्याला नेऊन उभे करायचे, अशी ही रीत!

व्हीएमवेअरची कथा तर बोलकी आहे. एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविणारे तिचे सॉफ्टवेअर जगभरच्या माहिती केंद्रांचा पाया बनले. मालकी मात्र २००४ मध्ये ईएमसीकडे, २०१६ मध्ये डेलकडे गेली. २०२१ मध्ये ती वेगळी झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमच्या हाती आली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली. यापुढे केवळ वर्गणी. एटी अँड टीसारखी बलाढ्य अमेरिकन दूरसंचार कंपनीही २०२४ मध्ये यावरून न्यायालयात गेली, पुढे तडजोड झाली. जिथे एवढ्या मोठ्या ग्राहकाची ही गत, तिथे इतरांचे काय?

भारताने या धोक्याचा एक भाग ओळखला आहे. देयक व्यवहारांची माहिती भारतातच ठेवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये काढला. निर्णय योग्यच होता. परंतु साठा देशात असणे आणि तो आपल्या ताब्यात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने वाडीनारच्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. निर्बंध युरोपचे, विक्रेता अमेरिकन आणि कोंडी झाली ती गुजरातेतील तेलशुद्धीकरण कंपनीची. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर सेवा पूर्ववत झाल्या.

सर्व यंत्रे उद्याच स्वदेशी होतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. करार मात्र आजच बदलता येतात. सरकारी खाती असोत वा आपल्याकडील नागरी सहकारी बँका, संचालक मंडळाने सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात. करार संपला वा मालक बदलला तर माहिती किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात आणि किती खर्चात परत मिळेल? तिच्या कूटसंरक्षणाची किल्ली कोणाकडे राहील? दर वाढले तर पूर्वसूचना किती? निविदेच्या कागदपत्रांत यंत्राचा वेग व किंमत यांना जेवढी पाने दिली जातात, त्यातले एखादे पान या प्रश्नांनाही मिळायला हवे.