माकणीच्या तळाशी आमचे रान



तेरणा बालाघाटाच्या डोंगरात तेरखेड्याकडे उगम पावते, गोरोबाकाकांच्या तेरवरून माकणीच्या धरणात येते आणि पुढे किल्लारीच्या बाजूने जाऊन मांजरेला मिळते. वाटेत ती काय आणते? पाणी, असे सरकारी कागद म्हणतात. आम्ही म्हणतो, पाणी आणि आमचे रान.

आपली रब्बी ज्वारीची राने सबंध पावसाळा उघडी असतात. कापसाच्या ओळींमधली जमीनही पीक मिळून येईपर्यंत उघडीच. पहिले पाऊस भेगा पितात. काळी माती एकदा फुगली, भेगा मिटल्या, की पुढचे पाणी मुरत नाही. ते उताराने पळते आणि वरची शेणखताची मऊ माती ओढ्यात नेऊन घालते. नदीला वेग आहे तोवर सगळे वाहते. धरणाच्या फुगवट्याला पाणी टेकले की वेग मरतो. जाड वाळू फुगवट्याच्या तोंडाशीच पडते, पोयटा त्याच्या पुढे, आणि चिकण माती भिंतीपर्यंत जाऊन सावकाश तळाला बसते.

इथेच मेख आहे. आराखड्यात तळाचा काही भाग गाळासाठी सोडतात, त्याला मृत साठा म्हणतात. गाळाने आराखडा वाचलेला नाही. तो तोंडाशी, म्हणजे आपल्या पाळीच्या जिवंत साठ्यातही बसतो. फेरमोजणी होत नाही तोवर टक्केवारी मात्र जुन्याच तक्त्यावरून निघते. कागदावर धरण भरते आणि पाणी तेवढे नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर माकणीच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले, शास्त्रज्ञांचे वाद झाले. पाण्याखालच्या मातीवर तेवढी चर्चा झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

२०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. नाव झकास! वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी. २०२३ पासून अल्पभूधारकांना घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, तेही अडीच एकरांपर्यंतच. हिशेब करू. तीन घनमीटरची ट्रॉली धरली तर खेपेला १०७ रुपये. एकरावर बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर थर द्यायचा तर ८० घनमीटर गाळ, सत्तावीस खेपा. १०७ रुपयांत ट्रॅक्टर धरणाकाठच्या शेतापर्यंत जाईल. पंधरा-वीस किलोमीटर वर, उतारावर, मुरूम उघडा पडलेल्या रानात कोण येणार? आणि माती गेली ती त्यांचीच. गाळ नेतो तो, ज्याचे शेत जवळ आणि ट्रॅक्टर दारात.

वाळूचा लिलाव करून सरकार पैसे मोजून घेते. त्याच नदीने आणलेली आमची माती आम्ही परत मागितली की अनुदान म्हणून उपकार दाखवते. हे आम्हाला मान्य नाही.

उताराला आडवी पेरणी, बांध, ताली ही आमची कामे आहेत, ती आम्ही करू. पण जिल्हा बैठकीत ठराव होणारच: माकणीची फेरमोजणी होऊन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत, वाहतुकीचा पैसा अंतराप्रमाणे मिळावा, आणि वरच्या कोरडवाहू गावांची पाळी आधी यावी. येताना आपल्या गावचे धरणापासूनचे अंतर आणि मागच्या उन्हाळ्यातला ट्रॉलीचा भाव लिहून आणा.