सैराट रत्नागिरीत घडला असता तर

आजचा धागा लांब आहे आणि विषय चित्रपटाचा आहे. इतिहासाच्या धाग्यात चित्रपट कशाला, असे विचारणाऱ्यांनी निदान मध्यापर्यंत यावे. माझे म्हणणे असे की, एका भाषेतला गावाकडचा प्रेमपट दुसऱ्या भाषेत नेणे हे मुळात इतिहासाचे काम आहे, आणि तसे ते कोणी मानत नाही म्हणूनच बहुतेक वेळा बिघडते.

सुरुवात तमिळनाडूपासून करू. १९७७ साली भारतीराजा यांचा ‘१६ वयदिनिले’ आला. मयिल ही गावातली मुलगी, तिच्यावर जीव टाकणारा लंगडा, सर्वांच्या हसण्याचा विषय झालेला चप्पाणी, आणि शहरातून येऊन तिला भुलवणारा गुरांचा डॉक्टर. श्रीदेवी, कमल हासन, रजनीकांत. स्टुडिओतले रंगवलेले खेडे सोडून कॅमेरा खऱ्या गावात गेला, म्हणून तमिळ चित्रपटाच्या इतिहासात त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. १९७८ मध्ये के. राघवेंद्र राव यांनी तो तेलुगूत ‘पदहारेळ्ळ वयसु’ या नावाने केला. नायिका पुन्हा श्रीदेवी, चप्पाणीच्या जागी चंद्रमोहन. आणि तो तिकडेही चालला. १९७९ मध्ये खुद्द भारतीराजांनी तोच चित्रपट हिंदीत ‘सोलवा सावन’ म्हणून केला. दिग्दर्शक तोच, नायिका तीच, नायक आपले अमोल पालेकर. तो पडला.

असे का झाले? माझे उत्तर असे. तेलुगू प्रेक्षकाला पडद्यावर स्वतःचे गाव सापडले. तिथला पार, तिथली भांडणे, तिथली चेष्टा त्याच्या ओळखीची होती. मुंबईच्या हिंदी पडद्यावर मात्र गाव नावाची जागाच उरली नव्हती. चार वर्षांपूर्वी आलेल्या ‘शोले’तले रामगढ कोणत्या जिल्ह्यात आहे, तिथे जमीन कोणाच्या नावावर आहे, हे कोणी विचारले नाही आणि विचारायची गरजही पडली नाही. अशा पडद्यावर चप्पाणीला उभे राहायला जागा कुठली? त्यात ‘रजनीगंधा’चा शहरी, बुजरा, नोकरदार चेहरा त्या भूमिकेत. पालेकर मोठेच नट, पण प्रेक्षकाला चप्पाणीत ऑफिसला निघालेला माणूस दिसत राहिला असणार.

आता आपल्या घरी येऊ. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. शंभर कोटींवर गेलेला हा मराठीतला पहिला चित्रपट. मी तो रत्नागिरीत पाहिला. शेजारच्या खुर्चीवरचे एक काका दोनदा माझ्याकडे वळून म्हणाले, “काय बोलला रे तो?” करमाळ्याची बोली त्यांच्या कानाला परकी होती. तरी शेवटी सगळे थिएटर जसे मुके झाले, तसे काकाही झाले.

चित्रपट इतका चालल्यावर रिमेकची रांग लागली. २०१७ मध्ये कन्नडमध्ये एस. नारायण यांचा ‘मनसु मल्लिगे’, ज्यात आर्ची पुन्हा रिंकू राजगुरूच. त्याच वर्षी पंजाबीत ‘चन्ना मेरेया’ आणि ओडियात ‘लैला ओ लैला’. २०१८ मध्ये बंगालीत ‘नूर जहाँ’, आणि २० जुलै २०१८ रोजी हिंदीत शशांक खेतान यांचा ‘धडक’. या शेवटच्या चित्रपटाची नायिका जान्हवी कपूर, म्हणजे त्याच श्रीदेवीची मुलगी. आईने एका खेडेगावच्या मुलीची भूमिका तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत केली; मुलीचे पदार्पण तशाच एका कथेच्या हिंदी रूपात झाले. श्रीदेवी त्याच वर्षी फेब्रुवारीत गेल्या. तो चित्रपट पडद्यावर आलेला त्यांना पाहता आला नाही.

‘धडक’ने कथा उचलली आणि गाव मागेच ठेवले. करमाळ्याच्या जागी उदयपूरचे तलाव आणि हवेल्या आल्या. नायक मासेमाऱ्याचा मुलगा न राहता खानावळ चालवणाऱ्या सुखवस्तू घरातला झाला. जात एखाद्या संवादापुरती उरली. वर्गात लोखंडे सर नाव विचारतात आणि पाटलाचा प्रिन्स सगळ्यांसमक्ष त्यांच्या कानशिलात लगावतो, तो एकच प्रसंग ‘सैराट’मध्ये सत्तेचा अख्खा नकाशा उघडा करतो. त्या तोडीचे ‘धडक’मध्ये काही नाही.

हा नकाशा आकाशातून पडलेला नव्हता. करमाळा तालुक्याच्या कडेने भीमेवरच्या उजनी धरणाचा जलाशय पसरलेला आहे. एरवी दुष्काळी असलेल्या मुलखात पाणी पोहोचले तिथे ऊस आणि केळी आली, त्यांच्यामागून साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि निवडणूक आली. ज्याच्याकडे जमीन होती त्याच्या घरी बुलेट आणि ट्रॅक्टर आले. आर्ची ट्रॅक्टर चालवते तेव्हा टाळ्या पडतात, पण तो ट्रॅक्टर नेमका कोणत्या अर्थव्यवस्थेचा आहे, हे तिकडचा प्रेक्षक न सांगता ओळखतो. त्याच पाण्याच्या काठाला मासे धरून पोट भरणाराही राहतो. पर्श्या आणि आर्ची यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याला जातीचा जुना पाया आहे आणि पाटबंधाऱ्याचा नवा मजला. उदयपूरच्या तलावात हे कसे सापडावे?

तेव्हा रिमेक करायचाच असेल तर आधी विचारायचा प्रश्न असा: आमच्याकडे हे अंतर कशाचे बनलेले आहे? मी रत्नागिरीचा, म्हणून हा प्रश्न रत्नागिरीला लावून पाहतो.

पहिली गोष्ट, आमच्याकडे ऊस नाही, साखरसम्राट नाहीत. आमच्याकडे खोत होता. सरकारचा सारा गोळा करून देणारा हा मधला माणूस पिढ्यान्‌पिढ्या गावाचा मालक होऊन बसला. कुळाने भात पिकवायचे आणि अर्धेलीने अर्धे, तिर्धेलीने तिसरा हिस्सा खोताच्या घरी पोहोचवायचा. वर वेठ वेगळी. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते. कुळे मुख्यतः कुणबी, महार आणि इतर कष्टकरी जातींची. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडले. म्हणजे आमची आर्ची १९३५ च्या सुमारास खोताच्या ओटीवर उभी असेल आणि आमचा पर्श्या भाताचे भारे घेऊन अंगणात. अंगण आणि ओटी यांच्यामध्ये चार पायऱ्या असतात. कोकणातल्या दिग्दर्शकाने त्या चार पायऱ्या नीट चित्रित केल्या तर अर्धा चित्रपट तिथेच झाला.

(राजवाडाच हवा असेल तर तोही आमच्याकडे आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये मरेपर्यंत इथेच नजरकैदेत होता. त्याच्या थोरल्या राजकन्येचे वाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या नोकराशी नाते जुळले, मुलगी झाली, आणि पुढे राजकन्या रत्नागिरीतच गरिबीत वारली. त्या मुलीला, टूटूला, पाहिलेली माणसे आजही शहरात आहेत. हवेलीतले प्रेम असे असते. त्यात झुंबरे कमी असतात.)

दुसरी गोष्ट पळून जाण्याची. ‘सैराट’मधली मुले हैदराबादला जातात, कारण तिथे त्यांना कोणी ओळखत नाही, भाषासुद्धा ओळखत नाही. त्या परकेपणात त्यांना आसरा मिळतो. हाच चित्रपट तेलुगूत करणाऱ्यासमोर पहिली अडचण हीच, की हैदराबाद त्याच्या प्रेक्षकाचे घर आहे. आसऱ्याची जागा नव्याने शोधावी लागेल. आमची अडचण याहून अवघड. रत्नागिरीचा माणूस गाव सोडून जातो कुठे? मुंबईला. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, त्याआधी एसटीने, त्याआधी बोटीने. पण गिरणगावात गावागावाच्या खोल्या होत्या. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपत, गावची वर्गणी तिथे जमे, गावच्या भांडणांचा निवाडा तिथे होई. भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या जोडप्याची बातमी दुसऱ्या दिवशी परळच्या चाळीत आणि आठवड्याभरात पत्राने गावात. चाकरमान्यांच्या मुंबईत कोकणी प्रेमिकांना लपायला जागा नव्हती. हे ज्याला ठाऊक नाही, तो मध्यंतरानंतर त्यांना दादरच्या गर्दीत सुखाने हरवून टाकील आणि चित्रपट तिथेच खोटा पडेल.

तिसरी गोष्ट शेवटाची, आणि इथे मला जपून बोलायचे आहे. ‘सैराट’चा शेवट कल्पनेतला असला तरी त्याचा मुलूख खरा आहे. तो प्रदर्शित होण्यापूर्वी दोन वर्षे, २८ एप्रिल २०१४ रोजी, शेजारच्या नगर जिल्ह्यात खर्ड्याला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला होता. २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. आमच्याकडे असे होत नाही, असे म्हणणारे कोकणी लोक मला नेहमी भेटतात. कोकण सोवळे नाही. इथले हत्यार निराळे आहे, इतकेच. इथे वाळीत टाकतात. गावकी बसते, निर्णय होतो, आणि त्या घराशी बोलणे, लग्नाचे बोलावणे, मर्तिकाला खांदा, सगळे थांबते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले तो महिना एप्रिल २०१६, म्हणजे ‘सैराट’चाच महिना. त्या कायद्यामागे ज्या तक्रारी होत्या, त्यांत रायगड-रत्नागिरीकडच्या गावांचा वाटा मोठा होता.

म्हणून कोणी कोकणात ‘सैराट’ करणार असेल, तर शेवटी रक्ताची पावले उमटवू नयेत. ती करमाळ्याची आहेत. शिमगा दाखवावा. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून उठते आणि घरोघर निघते. ढोल जवळ येतो. मुलगा-मुलगी मुंबईत कुठेतरी आहेत. गावात मागे राहिलेत ते मुलाचे आई-बाप. अंगण सारवून, ओटीचे ताट आणि नारळ घेऊन दोघे दारात उभी. पालखी शेजारच्या घरी नाचते, वळते, आणि त्यांच्या बेड्यापाशी न थांबता पुढच्या घराकडे जाते.