साडेआठ रुपयांचे छायाचित्र : स्वस्त चित्रांच्या बाजाराने कोणाचे घर भरले?

#धागा

१/
लग्नसराई ओसरली की धावड्यासारख्या गावातील छायाचित्रकाराचा कॅमेरा कपाटात जातो. गावातल्या एका तरुणाने परवा विचारले, "काका, कापसाचे, मक्याचे, पोळ्याचे फोटो ऑनलाइन विकायला टाकू का? एका डाउनलोडला फार मिळत नाही, पण पडून राहण्यापेक्षा बरे ना?" प्रश्न आजचा वाटतो, वस्तुतः तो पावणेदोनशे वर्षांचा आहे.

२/
आधी शब्दाचा अर्थ पाहू. स्टॉक फोटो म्हणजे कोणी न सांगता आधीच काढून ठेवलेले आणि वापराचा परवाना देऊन पुन:पुन्हा विकले जाणारे छायाचित्र. ते जाहिरातीत, पाठ्यपुस्तकात, बातमीत, खताच्या पत्रकावर कुठेही झळकू शकते. माल एकच, गिऱ्हाइके असंख्य. म्हणूनच किंमत थोडी असली तरी चालेल, असे या धंद्याचे गणित.

३/
हे गणित पहिल्यांदा पॅरिसमध्ये मांडले गेले. १८५४ मध्ये आंद्रे दिस्देरी याने एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. व्हिजिटिंग कार्डाएवढी ही चित्रे स्वस्त होती. युरोपभर त्यांचे वेड पसरले. परंतु पद्धत सोपी होती. जो तो तीच चित्रे काढू लागला आणि भाव कोसळले. दिस्देरी १८८९ मध्ये निर्धनावस्थेत मरण पावला.

४/
पहिला धडा येथेच मिळतो. चित्र स्वस्त झाल्याने पाहणाऱ्याचा लाभ होतो, यात शंका नाही. परंतु जे चित्र कोणीही काढू शकतो, त्याचा भाव सर्वांत गरजू छायाचित्रकार जेथे थांबेल तेथेच थांबतो.

५/
आता आपल्या परिसराकडे वळू. अजिंठ्याच्या डोंगरांत १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातील अधिकारी लेण्यांतील भित्तिचित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती करीत होता. त्यासाठी त्याने आयुष्यातील अनेक वर्षे वेचली. त्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून खाक झाल्या.

६/
गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला होता. त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. रंगवलेल्या प्रती जळाल्या, छायाचित्रे मात्र आजही पाहायला मिळतात. १८७९ मध्ये गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याची चित्रे मोलाची का ठरली? तो तेथे राहिला म्हणून. लंडनहून चार दिवसांसाठी आलेल्या कोणालाही ती मिळाली नसती.

७/
जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचा दरबारी छायाचित्रकार म्हणजे लाला दीनदयाळ. इंदूरच्या बांधकाम खात्यातील नोकरी सोडून ते या व्यवसायात आले. सिकंदराबादेत आणि १८९६ मध्ये मुंबईत त्यांनी स्टुडिओ थाटले. किल्ले, लेणी, मंदिरे यांच्या काचांवर क्रमांक घालून ते प्रती विकत. आजच्या भाषेत तोही स्टॉकच.

८/
परंतु दीनदयाळांचा संसार त्या सुट्या प्रतींवर उभा नव्हता. निजाम, संस्थानिक, इंग्रज अधिकारी यांची सांगून दिलेली कामे हा त्यांचा कणा होता. साठवलेल्या काचांची विक्री ही त्यावरची साय. १९०५ मध्ये ते गेले आणि वैभव ओसरले. तरी अडीच हजारांहून अधिक काचा टिकल्या व पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात पोचल्या. काचा त्यांनी स्वतःकडे राखल्या होत्या, हे ध्यानात ठेवावे.

९/
याच्या उलट उदाहरण राजा रविवर्म्याचे. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. लक्ष्मी, सरस्वती घरोघरीच्या देव्हाऱ्यात पोचल्या. ज्यांना राजवाड्याची पायरी कधी चढता आली नसती, त्यांच्या भिंतीवर रविवर्मा आला. हे स्वस्त चित्राचे पुण्य नाकारता येणार नाही.

१०/
छापखाना मात्र कर्जात बुडाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. पुढे तीच चित्रे दिनदर्शिका, लेबले, जाहिराती यांवर झळकत राहिली. कीर्ती चित्रकाराची, गल्ला मात्र छापखान्याच्या मालकाचा. स्वस्त चित्राच्या बाजारात नफा त्याचा, ज्याच्याकडे वाटपाचे यंत्र असते.

११/
विसाव्या शतकात हे यंत्र संग्रहालयाच्या रूपात आले. नाझी जर्मनीतून पेट्या भरून चित्रे घेऊन निघालेल्या ऑटो बेटमनने १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चित्रसंग्रह उभारला. आपल्याकडे १९८७ मध्ये जगदीश अग्रवाल यांनी मुंबईत दिनोदिया ही चित्रसंस्था काढली. तेव्हा चित्र कुठे, किती मोठे, किती काळ छापणार, यावर भाव ठरत असे.

१२/
त्या व्यवस्थेत पैसा बरा होता, पण दार अरुंद होते. उत्तम रंगीत स्लाइडचा खर्च, मुंबईची फेरी, ओळखीपाळखी. धावड्याच्या तरुणाला तेथे प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य. जुन्या काळाचे गोडवे गाताना हे विसरू नये.

१३/
२००० मध्ये कॅनडात आयस्टॉकफोटो सुरू झाले. आरंभी तर चित्रांची फुकट देवाणघेवाण होती. २००३ मध्ये जॉन ओरिंजरने स्वतः काढलेली सुमारे ३०,००० चित्रे टाकून शटरस्टॉक उभारले आणि मासिक वर्गणीत हवी तेवढी चित्रे द्यायला आरंभ केला. २००६ मध्ये गेटी इमेजेसने आयस्टॉक ५ कोटी डॉलरना विकत घेतले. दार सताड उघडले; भाव उंबऱ्यावरच पडला.

१४/
२०२० च्या जूनमध्ये शटरस्टॉकने मोबदल्याची रीत बदलली. छायाचित्रकाराचा वाटा विक्रीच्या संख्येनुसार १५ ते ४० टक्के. दर १ जानेवारीला प्रत्येकाने पुन्हा तळाच्या पायरीपासून चढायचे. आणि एका डाउनलोडचा किमान मोबदला १० सेंट. डॉलर ८५ रुपये धरला तर साडेआठ रुपये.

१५/
आता हिशेब मांडू. समजा ५०० चित्रे निवडली. प्रत्येकाची सफाई, शीर्षक, इंग्रजी शोधशब्द यांसाठी १० मिनिटे धरली तर सुमारे ८३ तास होतात, म्हणजे दहा दिवसांची पूर्ण मजुरी. महिन्याला १०० डाउनलोड झाले आणि सर्व किमान दराने गेले तर ८५० रुपये. महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. तीन दिवसांची मजुरीही भरत नाही.

१६/
काही डाउनलोडना जास्त मिळते, हे खरे. एकदा टाकलेले चित्र वर्षानुवर्षे विकले जाऊ शकते, हेही खरे. परंतु तेवढ्याच काळात त्याच विषयाची हजारो नवी चित्रे शेजारी येऊन बसतात. शिवाय ठरावीक रक्कम जमेपर्यंत पैसे हाती पडत नाहीत. अनेकांचे खाते त्या रेषेच्या अलीकडेच अडकून राहते.

१७/
पैशापेक्षा गंभीर बाब चेहऱ्याची आहे. पोळ्याला बैल सजवणाऱ्या आजोबांचे चित्र एकदा जाहिरातीच्या परवान्याने विकले की ते कीटकनाशकाच्या फलकावर जाईल की कर्जाच्या जाहिरातीत, हे ना आपल्याला कळेल ना आजोबांना. म्हणून अशा विक्रीसाठी चित्रातील व्यक्तीची लेखी संमती मागितली जाते. "इथे सही करा" एवढे सांगून घेतलेली सही ही संमती नव्हे. जेथे रोज भेटायचे आहे, त्या गावात तर नव्हेच.

१८/
कायद्याचेही पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक काढून घेणारा. म्हणजे लग्नाच्या अल्बमातील नवरीचे देखणे चित्र छायाचित्रकाराला परस्पर विकता येत नाही. स्वतःहून शेतात जाऊन काढलेले चित्र मात्र त्याचेच.

१९/
आणखी एक वळण नवे आहे. २०२३ मध्ये अडोबीने आणलेले फायरफ्लाय हे चित्रे रचणारे यंत्र अडोबी स्टॉकमधील चित्रांवर शिकवलेले आहे. शटरस्टॉकनेही आपला संग्रह अशा कंपन्यांना परवान्याने दिला. छायाचित्रकारांना त्याचा काही मोबदला दिला जातो. परंतु आपलेच चित्र आपला प्रतिस्पर्धी घडवण्याचा कच्चा माल झाले, हे दिस्देरीलाही सुचले नसते.

२०/
मग दार लावून बसावे काय? माझे मत तसे नाही. ज्याची ओळख नाही, ज्याला शहर परके आहे, त्याला जगाच्या बाजारात परवानगीवाचून उभे राहता येते, हे लहान नव्हे. चित्रे नाकारली जातात तेव्हा कारण कळते. प्रकाश, स्पष्टता, मांडणी यांची शिस्त लागते. शाळा म्हणून ही बाजारपेठ उत्तम आहे. पोटापाण्याचे साधन म्हणून ती फसवी आहे.

२१/
म्हणून त्या तरुणाला मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली : जे कोठेही मिळते तेच स्वस्तात टाक. ढग, पाने, माती, कणसाचे जवळून घेतलेले चित्र. दुसरी : माणसांचे चेहरे तेथे टाकू नकोस. तिसरी : ज्याला स्थळ, तारीख आणि नाव आहे, ते स्वतःकडे राख.

२२/
कारण खरे गिऱ्हाईक कदाचित सॅन फ्रान्सिस्कोत नाही, जालन्यात आहे. १९६४ मध्ये बद्रिनारायण बारवाले यांनी तेथे महिको स्थापन केली आणि हे शहर बियाण्यांच्या उद्योगासाठी देशभर ओळखले जाऊ लागले. बियाण्याच्या पाकिटावर, माहितीपत्रकावर पीक दाखवावेच लागते. कोणत्या वाणाचे, कोणत्या मातीतले, पेरणीनंतर कितव्या दिवसाचे, हे नेमके सांगणारे चित्र परदेशातील संकेतस्थळ देऊ शकत नाही. बांधावर उभा असलेला छायाचित्रकार देऊ शकतो.

२३/
आणि असे चित्र विकताना कागद करावा : वापर कशासाठी, किती काळ, कोठे. हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल, तर आपला कायदा ती ५ वर्षांची धरतो. दीनदयाळांनी काचांवर क्रमांक घातले. आपण निदान फायलींना तारीख, गाव आणि पिकाचे नाव घालावे.

२४/
तरुण थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आजोबांचा फोटो नको टाकू?" मी म्हटले, "त्याची एक प्रत काढून आधी आजोबांना दे." गिलच्या काळी अजिंठ्याच्या वाटेवर ज्यांची चित्रे निघाली, त्यांतील किती जणांनी ती पाहिली असतील? त्यांच्या हाती चित्र द्यायला आपल्याला ना लंडन लागते, ना साडेआठ रुपयांचा बाजार.

(धागा समाप्त. आपल्या घरी स्टुडिओतील जुन्या काचा किंवा निगेटिव्ह असतील तर भंगारात घालू नका.)