रोजगाराचे आकडे आणि रामटेकचा रुपया

गडावरील राममंदिर, खिंडसीचा तलाव आणि पलीकडचे पेंचचे अरण्य अशी संपत्ती लाभलेल्या रामटेकच्या वाट्यास विकासाच्या योजना वारंवार याव्यात, यात नवल नाही. नवल वाटते ते त्यांच्याबरोबर येणाऱ्या आकड्यांचे. ‘इतके कोटी खर्च, इतके हजार रोजगार’ असे छापून आले की सुशिक्षित गृहस्थही ते पंचांगातील ग्रहणाच्या वेळेप्रमाणे निःशंक मनाने वाचतो. हा भाबडेपणा आता सोडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे आकडे निघतात कोठून? वासिली लिऑन्टिएफ या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली अमेरिकेच्या उद्योगधंद्यांचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. कोणता धंदा कोणाकडून किती माल घेतो, याची ती जणू खतावणीच होती. तिच्यावरून एका धंद्यातील खर्चाचे पडसाद इतरांत किती उमटतील हे गणिताने काढता येते. विद्या उत्तम आहे. १९७३ साली तिच्या कर्त्यास नोबेल पारितोषिक मिळाले ते उगीच नव्हे. परंतु ते कोष्टक एका सबंध देशाचे होते. देशाचे गुणक कापूनबेतून एखाद्या तालुक्यास चढविले, म्हणजे थोरल्याचा अंगरखा धाकट्याच्या अंगात घातल्यासारखे होते.

समजा, यात्रेकरूने रामटेकात एक रुपया खर्च केला. दर फेरीस रुपयातले ६० पैसे गावातच पुन्हा खर्च होत गेले, तर त्या एका रुपयाची उलाढाल अखेर अडीच रुपयांवर जाते. २० पैसेच गावात राहिले, तर ती सव्वा रुपयावर थांबते. सारा वाद या ६० आणि २० मधला आहे, आणि अहवालात नेमके तेच कोठे तरी तळटीपेत दडलेले असते. निवासगृहाच्या फरशा, लिफ्ट, चादरी बाहेरून येणार. मालक परगावचा असेल तर नफाही तिकडेच जाणार. जेवणानंतरचा विडा मात्र रामटेकच्या पानमळ्यातला असेल, तर तेवढा पैसा गावात फिरेल!

ही नुसती कल्पना नव्हे. शेजारच्या मनसरचे मँगनीज पिढ्यान्पिढ्या खणले गेले. विशाखापट्टणमचे बंदर १९३३ साली खुले झाले, त्यात मध्यप्रांतातील या खनिजाच्या निर्यातीचा हेतू मोठा होता. खाणीतली मजुरी येथे राहिली. धातू गाळण्याचे, जहाजांचे, अडत्यांचे उत्पन्न दूर गेले. खर्च कोठे झाला आणि लाभ कोठे साचला, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

‘रोजगार’ हा शब्दही तपासून घ्यावा. बांधकामावर शंभर मजूर तीन वर्षे राबले, की अहवालात तीनशे रोजगार दिसू शकतात. ती वर्षे मोजलेली असतात, माणसे नव्हेत. कधी त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेपुरता मांडलेला ठेलाही त्याच बेरजेत जातो. शिवाय नागपूरचे एखादे कुटुंब रविवारी खिंडसीवर आले नसते, तर त्याने तोच पैसा नागपुरात खर्चला असता. रामटेकास तो लाभ खरा. पण जिल्ह्याच्या खात्यावर त्यास नवी प्राप्ती म्हणणे म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात घातलेले नाणे दोनदा मोजणे होय.

यावर कोणी म्हणतील, मग योजनाच नकोत काय? आम्ही तसे म्हणत नाही. पायऱ्या दुरुस्त व्हाव्यात, पाण्याची सोय व्हावी. त्यासाठी फुगविलेल्या गुणकाची गरजच काय? फुगवट्याची किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागते. त्या आकड्यावर विसंबून एखादा बाप शेताचा तुकडा विकून मुलास उपाहारगृह थाटून देतो. हिशेब चुकला तर अहवाल लिहिणारा पुढचा अहवाल लिहितो. शेत परत येत नाही.

तेव्हा पुढील योजना नगरपरिषदेपुढे येईल, त्या वेळी सभासदांनी एवढे विचारावे: रुपयातले किती पैसे तालुक्यात राहतील असे धरले आहे, आणि ते कोणी, कोणत्या दुकानांत जाऊन मोजले?