शादीखाना मिळाला, आता ब्लोअर मागू

मी एका महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात २२ वर्षे यंत्रे सांभाळली. त्यामुळे मोहल्ल्याच्या बैठकीत कब्रस्तानची भिंत, शादीखान्यावर दुसरा मजला, चौकात दिवे अशी यादी निघाली, तेव्हा मी एकच शब्द जोडला: ब्लोअर. सगळे हसले. एकाने विचारले, "चाचा, ये ब्लोअर क्या बला है?"

सांगतो. गटाराचे पाणी शुद्ध करतात ते जिवाणू. त्यांना हवा लागते. टाकीच्या तळाशी डिफ्यूझर असतात. त्यांच्या बारीक छिद्रांतून ब्लोअर ती हवा सोडतो. त्यांचे रबरी पडदे काही वर्षांत ताठरतात, छिद्रे बुजतात. मग यंत्र घरघरते, विजेचे बिल चढते आणि हवा मात्र कमी पोचते. केंद्राची जवळपास निम्मी वीज याच कामात जाते. म्हणून बिल वाचवायचे ठरले की पहिला हात ब्लोअरवर पडतो. आमच्याकडे तीनपैकी एक चालू, दुसऱ्याचे सुटे भाग काढून पहिल्याला लावलेले, तिसरा गंजलेला. रात्री चालू असलेलाही बंद ठेवा, असा हुकूम यायचा. तोंडी, लेखी कधीच नाही. सकाळी टाकी काळी पडलेली, सडक्या अंड्यांचा वास. तेच पाणी नाल्यात, आणि नाला आमच्या घरांमागून.

"पैसा नाही" ही सबब मला मान्य नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत सुमारे १७,२०० कोटी रुपयांच्या सात केंद्रांचे भूमिपूजन झाले. व्हायलाच हवे होते. वरळी-वांद्र्याचे मैलापाणी नुसते चाळून, वाळू काढून समुद्रात सोडले जात होते. पण नव्याला कोटी असतात, तर जुन्याच्या पडद्यांना, बेअरिंगला लाख का नसतात? कोनशिलेवर नाव कोरता येते, बेअरिंगवर येत नाही, म्हणून! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अहवाल पाहा. देशातील शहरांनी उभारलेली क्षमता रोज ३१,८४१ दशलक्ष लिटर, प्रत्यक्षात शुद्ध होते सुमारे २०,२०० दशलक्ष. काही केंद्रांपर्यंत मलवाहिन्याच पोचल्या नाहीत, हे खरे. बाकीचे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि आपण? नगरसेवक शादीखान्याची फीत कापतो, आपण हार घालतो, पाच वर्षांचा हिशेब मिटला. मुलांना जुलाब लागले की दवाखान्याचे पैसे आपल्याच खिशातून. भिंत आणि दिव्यांवर आपली बोळवण होते हे त्यांना ठाऊक आहे, कारण आपण तेवढेच मागतो. नाल्यापलीकडची बौद्धवस्तीही हाच वास घेते. तिला सोबत घ्यायला आजवर कोण गेले?

माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकला आहे. ब्लोअर किती बसवले, किती चालू आहेत, गेल्या वर्षी किती तास चालले, डिफ्यूझर शेवटचे कधी बदलले. उत्तर काहीही येवो, आयुक्तांना निवेदन द्यायचेच आहे. येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर मी फाटकाशी कागद घेऊन बसतो. कब्रस्तानच्या भिंतीसाठी ज्यांनी सह्या केल्या, त्यांनी तिथे थांबावे. संध्याकाळी तोच कागद घेऊन मी नाल्यापलीकडे जाणार आहे.